टॉवर राहू द्या, आधी मिश्रीची डबी

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर बसवायचं घाटतंय. सूनबाईंना दिवस गेलेत. टॉवरमुळे डीएनए बिघडतो आणि तो बिघाड पुढच्या पिढीत उतरतो, असं शेजारी सांगतात. मध्यंतरी खोकल्यासाठी माझ्या छातीचा एक्स-रेही काढला होता. सासूबाईंपासून आमच्या घरात मिश्री आहे, मीही लावते. नेमकं कशाला घाबरायचं? — एक वाचक, धनकवडी

उत्तर : ताई, तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलेली मिश्रीच मला सगळ्यांत जास्त बोचली. पण आधी टॉवरबद्दल बोलू. डीएनएचे बंध तोडायला लागणारी ऊर्जा मोबाइलच्या लहरींत नसते. एक्स-रेमध्ये असते. हर्मन मलर यांनी १९२७ मध्ये फळमाश्यांवर एक्स-रे सोडून उत्परिवर्तनं, म्हणजे डीएनएतले कायमचे बदल, घडवून दाखवली आणि १९४६ चं नोबेल मिळवलं. तरी मात्रा बघा. छातीच्या एका एक्स-रेत साधारण ०.१ मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणारी किरणांची मात्रा मोजायचं एकक), आणि माती, हवा, आकाश यांतून माणशी वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट आपोआपच मिळतात. तुमचा एक्स-रे विसरून जा. सूनबाईंचा काढायची वेळ आली, तर मात्र दिवस गेल्याचं आधी सांगायला लावा.

आता मिश्री. तंबाखू तव्यावर काळीकुट्ट होईस्तोवर भाजायची, कुटायची, आणि सकाळी चिमूटभर बोटावर घेऊन हिरड्यांना चोळत बसायचं. माझ्या विद्यार्थिनींच्या घरोघरी हे चालायचं आणि ‘त्याने दात बळकट होतात’ हे त्या ठामपणे सांगायच्या. त्या भाजण्यातून बेंझोपायरीन नावाचं कॅन्सरकारक रसायन तयार होतं, सिगारेटच्या धुरातलंच. शरीर ते बाहेर टाकायला जातं, आणि त्या खटपटीत तयार झालेला पदार्थ डीएनएच्या चार अक्षरांपैकी एकाला, ग्वानिनला, चिकटतो. पेशी दुभंगताना नक्कल तिथेच अडखळते, चुकीचं अक्षर बसतं. तंबाखूतली नायट्रोसमाइन्स ही कॅन्सरकारक रसायनंही डीएनएवर घाला घालतात, ती वेगळीच.

पेशी गप्प बसत नाही, हे खरं. प्रत्येक पेशीत रोज हजारो ठिकाणी डीएनए आपसूक बिघडतो आणि बहुतेक दुरुस्तही होतो. या दुरुस्तीच्या शोधाबद्दल लिंडाल, मॉड्रिच आणि संजार यांना २०१५ चं नोबेल मिळालं. पण त्याच हिरडीवर रोज तीन-तीनदा मिश्री चोळल्यावर एखादी चूक सुटून जाते, आणि कॅन्सरची सुरुवात अशाच चुका साठत गेल्याने होते.

हिरडीतला बदल नातवंडांत उतरत नाही, ती भीती मनातून काढून टाका. उतरतो तो बीजपेशींतला, म्हणजे बाईच्या बीजांडांतला आणि पुरुषाच्या शुक्रपेशींतला. सूनबाईंची बीजांडं त्या स्वतः आईच्या पोटात होत्या तेव्हाच तयार झाली. शुक्रपेशी मात्र सतत नव्या बनतात. म्हणून बापाचं वय वाढेल तशी मुलात येणारी नवी उत्परिवर्तनं वाढतात. मुलगा तंबाखू खात असेल तर त्यालाही सोडायला लावा. सूनबाईंच्या हाती तर डबी जाऊच देऊ नका, पोटातल्या बाळाचं वजन कमी भरतं.

अजून एक, कोणी विचारत नाही म्हणून सांगते. पावसाळ्यात डब्यातले शेंगदाणे निवडून घ्या. हिरवट-पिवळी बुरशी धरलेला, सुरकुतलेला, कडू दाणा फेका. त्यातलं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष यकृताच्या पेशींतला डीएनए बिघडवतं, आणि घरच्या भाजण्याने ते पुरतं जात नाही.

मिश्री सोडताना पहिले काही दिवस डोकं दुखेल, चिडचिड होईल. १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी लाइन मोफत आहे, तिथे बोला. आणि आरशात गाल, हिरडी, जिभेची कड नीट बघा. पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तीन आठवड्यांत न भरलेलं तोंड आलं असलं, तर दुखत नाही म्हणून थांबू नका. ससून रुग्णालयात किंवा जवळच्या दातांच्या डॉक्टरांकडे याच आठवड्यात जा. सासूबाईंनाही बरोबर न्या.