विल्म्स ट्यूमर: ऑपरेशनआधी केमो का, आणि मूल बरं होतं का?

ताई, तुम्ही लिहिलंत की भाचा साडेतीन वर्षांचा, उजव्या मूत्रपिंडात विल्म्स ट्यूमरची, म्हणजे लहान मुलांना होणाऱ्या मूत्रपिंडाच्या कॅन्सरची गाठ, डॉक्टर म्हणतात आधी चार आठवडे केमो आणि घरचे म्हणतात 'कॅन्सर आहे ना, मग आधी काढून टाका'. आमच्या मुलीच्या वेळी आमच्याकडेही हाच वाद झाला होता. ती आता कॉलेजात आहे. मी डॉक्टर नाही, वॉर्डात जे शिकले तेवढं सांगते.

आधी केमो म्हणजे वेळकाढूपणा नव्हे. ही गाठ ठिसूळ असते. ऑपरेशनमध्ये फुटली तर पेशी पोटात सांडतात, मग स्टेज तिसरी धरली जाते आणि बहुतेकदा पोटाला रेडिएशन द्यावं लागतं. व्हिन्क्रिस्टिन आणि ॲक्टिनोमायसिन या केमोच्या औषधांनी गाठ आक्रसली की तो धोका कमी होतो. युरोपात हीच पद्धत आहे. अमेरिकेत शक्यतो आधी ऑपरेशन करतात आणि निकाल दोन्हीकडे जवळपास सारखेच येतात. आपल्याकडे मूल पोचतं तेव्हा गाठ बऱ्याचदा भलीमोठी झालेली असते, म्हणून आधी केमो. तोवर भेटायला येणाऱ्या कोणालाही त्याचं पोट दाबून बघू देऊ नका. हे अगदी तोंडावर सांगा.

आता तुमचा खरा प्रश्न. हो, बरी होतात. वेळेवर पूर्ण उपचार मिळाले तर दहातली नऊ मुलं वाचतात. गाठ फुप्फुसात गेली असली तरी बरीच मुलं बरी होतात. फक्त डॉक्सोरुबिसिन हे आणखी एक औषध वाढतं, काहींना छातीला रेडिएशन लागतं. सगळे 'स्टेज कुठली' एवढंच विचारतात. ऑपरेशननंतरच्या पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये पेशींचा प्रकार काय आलाय आणि लिम्फ नोड्स तपासायला पाठवले होते का, हेही विचारा. 'डिफ्यूज ॲनाप्लेशिया', म्हणजे फार बिघडलेल्या पेशी गाठीत पसरलेल्या, असं असेल तर लढाई अवघड असते आणि औषधंही जास्त कडक लागतात.

गाठ निघाली, पोर खेळायला लागलं, की 'आता कशाला सुया' म्हणून गावी परत नेणारे मी पाहिलेत. उरलेली केमो अजिबात सोडू नका. स्टेज आणि प्रकारानुसार ती काही आठवड्यांपासून सहा-सात महिन्यांपर्यंत चालते. केस जातील, ते येतात परत. व्हिन्क्रिस्टिनने बद्धकोष्ठता होते, कधी पाय लटपटतात, लगेच कळवा. ताप 100.4 च्या वर गेला की घरी क्रोसिन देत बसायचं नाही, रात्र असली तरी हॉस्पिटल गाठायचं.

पैशांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी आजच करा. मुंबईत टाटाला जाणार असाल तर तिथल्या समाजसेवा विभागात राहण्याचं विचारा. सेंट ज्यूड या संस्थेच्या केंद्रांत अशा कुटुंबांची मोफत सोय होते.

गाठ उलटलीच तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत, म्हणून तेव्हा छातीचे फोटो आणि सोनोग्राफी चुकवू नका. गाठीसोबत ते मूत्रपिंडही बहुधा काढतात, पण एका मूत्रपिंडावर माणूस नीट जगतो. आमची मुलगी शाळेत खो-खो खेळायची. दरवर्षी बीपी आणि लघवीतलं प्रोटीन बघायचं, डॉक्सोरुबिसिन मिळालं असेल तर हृदयाचा इको, आणि आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायच्या नाहीत.