आजीचे अडकित्ते मोडीत द्यायचे का?

प्रश्न: ताई, गावचं घर विकतोय, माळ्यावर आजीची फणेरपेटी (फणी-कुंकू ठेवायची आरशाची पेटी), एक लामणदिवा आणि चार अडकित्ते सापडले. भाऊ म्हणतो मोडीत देऊन टाक. पुण्याच्या केळकर म्युझियममध्ये असल्याच वस्तू आहेत म्हणे, मग ते एवढं मोठं झालं तरी कसं?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर: आधी भावाला थांबवा, प्लीज!

ते म्युझियम असल्या वस्तूंवरच उभं राहिलंय हो. दिनकर गंगाधर केळकर, म्हणजे 'अज्ञातवासी' नावाने कविता लिहिणारे, त्यांच्या घरचा धंदा चष्म्यांचा, आणि 1920 च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली ती जवळजवळ आयुष्यभर, गावोगाव फिरून, घरोघरी विचारून, पदरचे पैसे घालून. पत्नी कमलाबाईंची साथ होती म्हणून हे जमलं, नाहीतर असा संसार कोण चालवून घेतं? मुलगा राजा लहानपणीच गेला आणि त्याच्या नावाने हे राजा दिनकर केळकर संग्रहालय झालं, तिथे पाटी वाचताना मला दरवेळी भरून येतं. पुढे सगळा संग्रह त्यांनी सरकारला देऊन टाकला. आज 20,000 च्या वर वस्तू आहेत पण जागाच पुरत नाही त्यामुळे मांडलेल्या साधारण 2,500 च, बाकीच्या बंद खोल्यांत, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष पण तिथे आणून उभे केलेत, गर्दी तिकडेच असते.

पण तुम्ही अडकित्त्यांपाशी थांबा. कुठे मोर, कुठे घोडा, कुठे बाई-पुरुषाची जोडी, सुपारी कातरायला एवढं कशाला लागतं? आणि पाय घासायची वज्री बघा, खालून खरखरीत आणि वर मुठीच्या जागी पक्षी. न्हाणीघरातल्या वस्तूवर सुद्धा कुणीतरी एवढी मेहनत घेतलीय. मोडीत घेणारा फक्त पितळेचं वजन करतो.

म्हणून विकायचं-ठेवायचं नंतर ठरवा, आधी प्रत्येक वस्तूचा फोटो काढा आणि कुणाची, कुठून आली, घरात तिला काय म्हणायचे हे चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा. चिंच लावून लखलखीत करू नका, फणेरपेटीचा आरसा डागाळला असला तरी बदलू नका. आजीच्या सुनांपैकी कुणी असेल तर येत्या रविवारीच वस्तू घेऊन त्यांच्याकडे जा, त्यांनी त्या वापरताना बघितल्यात.