भाऊबीजेला या आणि हक्कसोड पत्रावर सही करून जा, असं भाऊ म्हणतात

प्रश्न : आम्ही दोन बहिणी, दोन भाऊ. वडील २०१९ मध्ये वारले, आई भावांकडे असते. गावी २ हेक्टर ४० आर जमीन आहे, ती आजोबांकडून वडिलांकडे आली. सातबाऱ्यावर भोगवटादार, म्हणजे जमीनधारक, म्हणून दोघा भावांची नावं आहेत. आईचं आणि आम्हा बहिणींचं नाव ‘इतर हक्क’ रकान्यात आहे. वडिलांच्या तेराव्याला ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर आमच्या सह्या घेतल्या होत्या, नोटरीचा शिक्का होता. मजकूर वाचला नव्हता. आता राष्ट्रीय महामार्गाच्या रुंदीकरणात १२ आर जमीन जाते आहे. भाऊ म्हणतात, भाऊबीजेला या, दुसऱ्या दिवशी दुय्यम निबंधकाकडे हक्कसोड आणि मोबदल्याचं संमतीपत्र, दोन्ही करून टाकू. थोरल्या बहिणीचं लग्न १९८८ चं, त्यामुळे तिला तसाही हक्क नाही, असंही त्यांचं म्हणणं. माझं लग्न २००३ मध्ये झालं. सही नाही केली तर माहेर तुटेल, अशी भीती आईच घालते. काय करू?

उत्तर : ताई, आधी एवढंच करा : भाऊबीजेला जा, ओवाळा, पण सही करू नका. “कागदाची प्रत द्या, वाचून सांगते,” एवढं म्हणा. प्रत द्यायला नकार मिळाला, तर त्या कागदात काय असेल याचा अंदाज तुम्हाला येईलच.

नोंदणीकृत हक्कसोड पत्र परत फिरवता येत नाही. दुय्यम निबंधकासमोर तुमचा फोटो आणि अंगठा घेतला जातो, ‘दस्त खुशीने केला का’ असं विचारलं जातं, ओळखदार सही करतात. नंतर “मला वाचून दाखवलं नव्हतं” म्हणायला गेलात, तर हीच नोंद तुमच्याविरुद्ध उभी राहते. असा दस्त निबंधक रद्द करू शकत नाही. त्यासाठी दिवाणी दावा लागतो, फसवणूक किंवा दबाव तुम्हाला सिद्ध करावा लागतो, आणि ते कळल्यापासून तीन वर्षांत दावा आणावा लागतो. “नंतर पाच लाख देऊ” हे तोंडी वचन आणि दस्तात मात्र ‘कोणताही मोबदला न घेता, प्रेमापोटी’ असं वाक्य, हे बहिणींच्या बाबतीत पुन्हा पुन्हा घडतं. तशा दस्तानंतर ते पाच लाख वसूल करायला हातात काहीच राहत नाही.

थोरल्या बहिणीबद्दल भाऊ जे सांगतात, त्याचा उगम महाराष्ट्राच्या १९९४ च्या दुरुस्तीत आहे. २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुलींना त्या दुरुस्तीने वगळलं होतं. पण केंद्राने हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम ६ बदललं आणि ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी जन्मानेच मुलासारखी सहदायाद, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत वाटेकरी, झाली. लग्न कधी झालं याला अर्थ उरला नाही. वडील त्या दिवशी हयात असण्याचीही गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. तुमचे वडील तर २०१९ पर्यंत होते. त्यामुळे तुम्ही दोघी बहिणी एकाच पायरीवर आहात. (हे उत्तर हिंदू उत्तराधिकार कायद्यापुरतं आहे. तो हिंदूंसह बौद्ध, जैन, शीख कुटुंबांना लागतो. मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांचे नियम वेगळे. अनुसूचित जमातींनाही हा कायदा आपोआप लागू होत नाही.)

आता वाटा किती, ते पाहू. जमीन एकत्र कुटुंबाची धरली, तर वडील जाण्याच्या अगदी आधी वाटप झालं असं कायदा गृहीत धरतो. वडील, आई आणि चार मुलं मिळून सहा वाटे. वडिलांचा १/६ पुन्हा आई आणि चार मुलं अशा पाच जणांत जातो, म्हणजे प्रत्येकी १/३०. १/६ आणि १/३० मिळून १/५. जमीन वडिलांची स्वतःची धरली, तरी कलम ८ प्रमाणे वारस तेच पाच, म्हणून वाटा १/५ च. तुमच्या वाट्याला २४० आर पैकी ४८ आर येतात, जवळपास सव्वा एकराला थोडं कमी. महामार्गाच्या मोबदल्यातही तुमचा पाचवा हिस्सा आहे.

हे गणित बिघडवणारी एक मोठी गोष्ट म्हणजे मृत्युपत्र. भावांनी उद्या वडिलांचं मृत्युपत्र काढलं, तर जमीन कोणत्या प्रकारची हा प्रश्न एकदम महत्त्वाचा होतो. एकत्र कुटुंबाच्या जमिनीत वडील फक्त आपला १/६ देऊ शकतात. तुमचा स्वतःचा १/६, म्हणजे ४० आर, शाबूत राहतो. जमीन त्यांची वैयक्तिक ठरली, तर सगळीच मृत्युपत्राने जाऊ शकते. आणि ‘आजोबांकडून आलेली’ प्रत्येक जमीन कायद्याने वडिलोपार्जित नसते. आजोबांची स्वतःची जमीन होती आणि ते १७ जून १९५६ नंतर, म्हणजे हा कायदा आल्यावर वारले, तर ती वडिलांना वारस म्हणून वैयक्तिक मिळाली असं न्यायालयं मानतात. म्हणून आजोबांच्या मृत्यूची तारीख आणि जमीन त्यांच्याकडे कुठून आली, हे शोधणं हे तुमचं पहिलं काम.

ते कागदांतूनच कळेल. चालू सातबारा आणि ८अ (खातेदाराच्या जमिनींचा एकत्र उतारा) ऑनलाइन मिळतात, पण तेवढ्यावर थांबू नका. सातबाऱ्यावर जे फेरफार क्रमांक (हक्कातल्या बदलांच्या नोंदींचे क्रमांक) दिसतात, त्या प्रत्येकाचा उतारा काढा; त्यातून मागे जात जात आजोबांच्या वारस नोंदीपर्यंत पोहोचा. जुने सातबारे आणि फेरफार तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नक्कल अर्ज करून मिळतात. २० डिसेंबर २००४ पूर्वीची ‘वाटप’ अशी नोंद किंवा नोंदणीकृत वाटणीपत्र आहे का, ते खास पाहा, कारण त्या तारखेआधी रीतसर झालेलं वाटप मुलींना उघडता येत नाही. नुसतं “तोंडी वाटप झालं होतं” हे मात्र सार्वजनिक कागदाच्या भक्कम आधाराशिवाय न्यायालय मानत नाही. दुय्यम निबंधकाकडे सूची क्रमांक २, म्हणजे नोंदलेल्या दस्तांची सूची, हिचाही शोध घ्या. तुमच्या नकळत विक्री किंवा गहाण झालं असेल तर तिथे दिसेल.

तेराव्याच्या कागदाची भीती बाळगू नका. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर दस्त नोंदणीकृतच लागतो. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. तलाठ्यासमोर (आताचे ग्राम महसूल अधिकारी) दिलेल्या ‘माझा हक्क नाही’ अशा जबाबानेही मालकी जात नाही. तरी त्या कागदाची प्रत मिळवाच. ‘वडिलांच्या हयातीतच वाटप झालं होतं व आम्हाला ते मान्य आहे’ अशा धर्तीचं वाक्य त्यात असेल, तर पुढे ते कबुली म्हणून तुमच्यासमोर ठेवलं जाईल आणि तुमच्या वकिलाला त्याचं उत्तर आधीच तयार ठेवावं लागेल. कागदाच्या मथळ्याकडेही लक्ष द्या. हक्कसोड नसेल पण ‘कुलमुखत्यारपत्र’ असेल, तर भाऊ तुमच्या नावाने पुढचे सगळे दस्त करू शकतील.

सातबाऱ्यावर बहिणींना ‘इतर हक्क’ रकान्यात बसवण्याची पद्धत गावोगाव चालत आली आहे. मुलगी परक्या घरची या समजुतीला सरकारी रकान्यात मिळालेली ही जागा आहे, आणि ती सहन करत राहण्याचं काही कारण नाही. मालकी सातबाऱ्याने ठरत नाही, तो महसुलासाठीचा कागद आहे. पण बँक, खरेदीदार आणि भूसंपादन अधिकारी आधी तोच पाहतात. म्हणून भोगवटादार रकान्यात नाव लावण्यासाठी तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्ती अर्ज द्या. ही लेखनातली चूक नाही म्हणून अर्ज फेटाळला, तर मूळ फेरफाराविरुद्ध प्रांताधिकाऱ्यांकडे कलम २४७ चं अपील करा. त्याची मुदत ६० दिवसांची असते, म्हणून विलंब माफीचा अर्ज सोबतच जोडा. हा अर्ज विसरल्यामुळेच चांगली अपिलं पडतात.

मोबदल्याचं प्रकरण जास्त तातडीचं आहे. पैसा एकदा भावाच्या खात्यात गेला की तो परत मिळवणं जमिनीपेक्षा अवघड. महामार्गाच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे बहुधा प्रांत कार्यालयातच, लेखी हरकत द्या : गट क्रमांक, संपादित क्षेत्र, वारसांची नावं, प्रत्येकाचा १/५ हिस्सा, आणि ‘माझ्या लेखी संमतीशिवाय माझ्या हिश्श्याची रक्कम कोणालाही देऊ नये’. वडिलांचा मृत्यू दाखला, वारस नोंदीचा फेरफार, आधार आणि स्वतःच्या बँक खात्याची प्रत जोडा. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्या. हिश्श्याबद्दल वाद असेल तर राष्ट्रीय महामार्ग कायद्याच्या कलम ३ एच (४) खाली अधिकाऱ्याने तो जिल्हा न्यायालयाकडे पाठवायचा असतो. अशीच हरकत तलाठ्याकडेही द्या. नवा फेरफार धरला की हितसंबंधितांना नोटीस काढावी लागते आणि हरकतीसाठी १५ दिवस असतात. हरकत आली तर नोंद विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६अ मध्ये जाते आणि सुनावणीशिवाय मंजूर होत नाही. नोटीस माहेरच्या पत्त्यावर जाते आणि तिथेच राहते, म्हणून स्वतःचा सध्याचा पत्ता अर्जात ठळक लिहा.

भाऊ तयार असतील तर सगळ्यांच्या संमतीने तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटप होतं. तो सर्वात स्वस्त मार्ग. तुम्हाला शेती कसायची नसेल तरी चालेल. नाव तुमचं राहू द्या, कसू द्या भावांना. फक्त तसं आपसात लिहून ठेवताना ‘भाडेपट्टा’, ‘कूळ’ असे शब्द येऊ देऊ नका. नाव राहण्याचा आणखी एक फायदा फारसा कोणी सांगत नाही. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. सातबाऱ्यावरचं नाव हा तुमच्या शेतकरी असण्याचा पुरावा आहे, आणि तुमच्या मुलांसाठीही तोच दुवा ठरतो.

हक्क सोडायचाच असेल, तर तोही तुमचाच निर्णय आहे, पण नीट करा. रक्कम घेणार असाल तर दस्तात आकडा आणि बँकेच्या व्यवहाराचा तपशील लिहा, पैसे खात्यात आल्यावरच सही करा. कोणाच्या लाभात सोडता ते नाव घालून लिहा. कोणते गट क्रमांक, ते मोजून लिहा. ‘सर्व मिळकती’ असं मोघम लिहिलं की गावठाणातलं घर आणि मोबदलाही त्यात जातो.

काहीच जमलं नाही, तर जमीन जिथे आहे तिथल्या दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा. त्यात एकही मिळकत सोडू नका : प्रत्येक गट, विहीर, गावातलं घर, मोबदल्याची रक्कम. एक गट राहिला की ‘अर्धवट वाटपाचा दावा’ हा बचाव मिळतो आणि वर्षं जातात. राहत्या घराचं वाटप मुलीला मागता येत नाही, हे हिंदू उत्तराधिकार कायद्याचं जुनं कलम २३ होतं. ते २००५ मध्येच गेलं. आई आणि बहीण दोघींनाही पक्षकार करा. सोबत जमीन विकू नये म्हणून तात्पुरत्या मनाईचा अर्ज द्या, आणि दावा प्रलंबित असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या. महाराष्ट्रात ही नोंद नसेल तर नवा खरेदीदार “मला माहीत नव्हतं” म्हणून पळवाट काढू पाहतो. हुकूमनामा झाला तरी प्रत्यक्ष सरसनिरस (जमिनीचा बरा-वाईट कस पाहून) वाटणी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत, भूमी अभिलेखच्या मोजणीने होते, तेव्हा ‘निकाल लागला’ म्हणून पाठपुरावा सोडू नका. हिश्श्यातून वगळल्याचं कळल्यापासून बारा वर्षांची मुदत असते.

खर्चाची धास्ती असेल तर तालुका विधी सेवा समितीत जा. मोफत वकील मिळण्यासाठी महिलेला उत्पन्नाची अट नाही. मालमत्तेच्या वादात महिलांना कोर्ट फी माफ करणारी १ ऑक्टोबर १९९४ ची अधिसूचनाही आहे. तिचा लाभ मागणारा अर्ज दाव्याबरोबरच द्यायला वकिलांना सांगा. दावा दाखल होण्याआधी तिथेच भावांना बोलावून तडजोड करता येते, आणि बऱ्याच घरांत ते जमतंही, कारण समोर तिसरा माणूस असला की “तुझ्या लग्नात खर्च केला” हा मुद्दा टिकत नाही. लग्नाच्या खर्चाने मुलीचा वाटा फिटत नाही.

आईंबद्दल. भीती घालतात म्हणून त्यांच्यावर रागावू नका. त्यांचं म्हातारपण भावांच्या हाती आहे. पण त्यांचाही १/५ आहे, ४८ आर, आणि त्यांचंही नाव ‘इतर हक्क’ रकान्यात ढकललं आहे. दुरुस्ती अर्जात त्यांचं नाव भोगवटादार म्हणून मागायला विसरू नका. सासरकडून “वाटा घे आणि विक” असा दबाव येत असेल, तर तोही ओळखा : मिळालेला हिस्सा तुमच्या एकटीच्या मालकीचा असतो, पतीच्या संमतीची गरज नाही आणि त्यांना तो विकण्याचा अधिकारही नाही. विकायचाच झाला, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २२ प्रमाणे आधी भावा-बहिणीला विचारावं लागतं.

थोरल्या बहिणीलाही हे उत्तर दाखवा. हरकत दोघींनी वेगवेगळी, आपापल्या सहीने द्यावी. एकीने माघार घेतली तरी दुसरीचा अर्ज त्यामुळे निकाली निघत नाही. हरकत भाऊबीजेच्या आधी प्रांत कार्यालयात पोहोचेल असं पाहा, स्पीड पोस्टाने एक प्रत आणि हातोहात एक प्रत.