विमानांच्या फ्रिक्वेन्सीची राखण करायची नोकरी कुठे मिळते?

पत्र : मी विट्याची. यंदा बारावी सायन्स झाली, सीईटीही दिली आहे. बाबांचं टीव्ही-मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. मध्यंतरी आमच्या पेठेत अँटेना लावलेली गाडी आली आणि अधिकाऱ्यांनी एका लॉजच्या गच्चीवरचा नेटवर्क बूस्टर उतरवायला लावला. बाबा म्हणाले, ‘वायरलेसवाले आहेत.’ मी शोधलं तर कळलं, की विमानांच्या रेडिओत व्यत्यय आला तर तोही हेच खातं शोधतं आणि त्याचे नियम थेट जिनिव्हात ठरतात. मला हे काम करायचं आहे. मामा म्हणतात, पुण्यात एव्हिएशनचा डिप्लोमा कर. बाबा म्हणतात, नोटिसा वाटायची नोकरी कशाला? मी काय करू?

उत्तर :

चि. विद्यार्थिनीस,

‘कशाला स्कोप आहे?’ असं विचारणारी पत्रं माझ्याकडे ढिगाने येतात. तू आधी काम पाहिलंस, ते कोण करतं हे शोधलंस आणि मग लिहिलंस. म्हणून उत्तरही जरा सविस्तर देते.

मामांचा मुद्दा आधी उरकून टाकू. ‘एव्हिएशन डिप्लोमा’ या नावाने जे विकलं जातं, त्यात बहुतेक वेळा चेक-इन, प्रवाशांचं सामान, तिकिटं, केबिन क्रूची तयारी असं शिकवतात. त्या कामाला मी कमी लेखत नाही, पण त्यात रेडिओ नाही. तुला हवं ते काम म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स, फिजिक्स आणि थोडा कायदा. तेव्हा पैसे भरले नसतील तर भरू नका, असं मामांना सांग.

आता ते काम नेमकं काय असतं ते पाहू. बाबांच्या दुकानात जुना एफएम रेडिओ असेल, तर त्याचा काटा उजवीकडे शेवटपर्यंत ने. पट्टी १०८ ला संपते. १०८ मेगाहर्ट्झच्या पुढची जागा विमानांची आहे. १०८ ते ११२ मध्ये आयएलएसचा, म्हणजे विमान उतरवायला मदत करणाऱ्या यंत्रणेचा लोकलायझर असतो. ढगांमुळे धावपट्टी दिसत नसताना ‘तू मधल्या रेषेच्या डावीकडे सरकला आहेस’ हे वैमानिकाला तोच कळवतो. जवळजवळ ११८ पर्यंत व्हीओआर ही दिशा सांगणारी यंत्रणा, तिथून १३७ पर्यंत वैमानिक आणि टॉवरचं बोलणं. संकटात वापरायची १२१.५ ही फ्रिक्वेन्सी त्यातच येते.

शेजार असला की भांडण आलंच. समज, एकाच डोंगरावर दोन एफएम केंद्रं आहेत. एक १०५.६ वर, दुसरं १०१.३ वर. दोघांकडे परवाना आहे, दोघंही आपापल्या जागेवर आहेत. पण दोन्हींचे जोरदार सिग्नल जवळून जाणाऱ्या विमानाच्या रिसीव्हरमध्ये एकदम शिरले, तर तिथे एक तिसरीच फ्रिक्वेन्सी तयार होऊ शकते : पहिलीची दुप्पट वजा दुसरी. कर हिशेब. उत्तर १०९.९ येतं, आणि १०९.९ ही लोकलायझरला दिली जाणारी फ्रिक्वेन्सी आहे. कुणी नियम मोडला नाही, तरी उतरणाऱ्या विमानाला घरघर ऐकू येणार. म्हणून कुठलं केंद्र कुठे, किती उंचीवर आणि किती ताकदीचं असावं, हे परवाना देण्याआधी मोजावं लागतं. ते मोजण्याची पद्धत आयटीयूच्या एसएम.१००९ या शिफारशीत दिलेली आहे. मॉनिटरिंगची गाडी ही या कामाची फक्त रस्त्यावर दिसणारी बाजू. बरंचसं काम टेबलावर बसून असलं गणित करण्याचं असतं.

आयटीयू म्हणजे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ. १८६५ मध्ये पॅरिसला तारयंत्रांसाठी सुरू झालेली ही संस्था आज संयुक्त राष्ट्रांचा भाग आहे आणि तिचं मुख्यालय जिनिव्हात आहे. तिचे ‘रेडिओ रेग्युलेशन्स’ हा देशांमधला करार आहे. त्यातलं कलम ४.१० विमान आणि जहाजांसारख्या सुरक्षा सेवांसाठी आहे. या सेवांना हानिकारक व्यत्ययापासून वाचवायला खास उपाय लागतात, असं सगळे सदस्य देश त्यात मान्य करतात. व्याख्याही बारकाईने वाचण्यासारखी आहे. इतर सेवांच्या बाबतीत व्यत्यय ‘हानिकारक’ ठरायला सेवा गंभीरपणे बिघडावी लागते किंवा वारंवार तुटावी लागते. दिशादर्शक आणि सुरक्षा सेवांच्या बाबतीत तिचं काम धोक्यात आलं, एवढंच पुरेसं आहे. गणितातही हा फरक दिसतो. विमानाच्या यंत्रणेसाठी साधारण ६ डेसिबलचं जादा सुरक्षा-अंतर राखतात, म्हणजे बाहेरून येणाऱ्या व्यत्ययाची मर्यादा एकचतुर्थांशावर आणतात.

हे नियम जागतिक रेडिओ परिषदेत बदलतात. ती तीन-चार वर्षांनी भरते. २०१९ ला इजिप्तमध्ये शर्म अल शेखला झाली, २०२३ ला दुबईत. विमान वाहतुकीची जागतिक संस्था आयकाओ माँट्रियलमध्ये आहे. १९४४ च्या शिकागो करारातून ती जन्मली आणि रेडिओ यंत्रणांची मानकं तिच्या दहाव्या परिशिष्टात आहेत. पण रेडिओ परिषदेत आयकाओला मत नाही! ती आपली भूमिका कागदावर मांडते, निरीक्षक म्हणून बसते. मत फक्त देशांचं. समोर मोबाइल कंपन्या, उपग्रह कंपन्या आणि त्यांच्या बाजूने बोलणारे देश. म्हणजे विमानाच्या बाजूने हात वर करणारा अधिकारी अनेकदा विमान खात्याचा नसून टेलिकॉम खात्याचा असतो. आपल्याकडे ही जबाबदारी दूरसंचार विभागातल्या डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन) विंगकडे आहे. ती १९५२ पासून आहे आणि तू पाहिलेली गाडी ज्या वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशनची असणार, ती तिचीच शाखा.

परिषद फक्त अडवतेच असं नाही. २०१४ मध्ये मलेशियाचं एमएच३७० विमान बेपत्ता झालं. पुढच्याच वर्षीच्या परिषदेत १०९० मेगाहर्ट्झवर विमान स्वतःची जागा सांगतं ते उपग्रहाने ऐकायला परवानगी मिळाली. समुद्रावरही विमान दिसत राहावं, हा त्यामागचा उद्देश.

आता तुझ्या वयाच्या सगळ्यांना माहीत असलेलं ५जी. विमानाच्या पोटाखाली रेडिओ अल्टिमीटर असतो. जमिनीवर लहरी सोडून, परत आलेल्या लहरीवरून तो उंची मोजतो. त्याची जागा ४२०० ते ४४०० मेगाहर्ट्झ. अमेरिकेत ३७०० ते ३९८० हा पट्टा मोबाइल कंपन्यांना लिलावात दिला गेला. लिलावातून ८० अब्ज डॉलरच्या वर रक्कम आली. कंपन्या ४२०० च्या आत शिरल्या नव्हत्या, म्हणजे शेजाऱ्याने बांध कोरला नव्हता. अडचण जुन्या अल्टिमीटरचीही होती. ते बनले तेव्हा शेजारी जोरदार कुणी नव्हतं, म्हणून त्यांचे फिल्टर ढिले राहिले होते आणि बांधापलीकडचंही त्यांना ऐकू येत होतं. २०२० मध्येच तज्ज्ञांच्या अहवालाने इशारा दिला होता. तरी अमेरिकेची विमान यंत्रणा आणि टेलिकॉम यंत्रणा शेवटपर्यंत एकमेकींशी भांडत राहिल्या. १९ जानेवारी २०२२ ला ५जी सुरू व्हायच्या दिवशी एअर इंडियासह अनेक कंपन्यांना अमेरिकेची उड्डाणं रद्द करावी लागली.

भारतात मोबाइलचा पट्टा ३६७० ला संपतो. अमेरिकेत मधलं अंतर २२० मेगाहर्ट्झ, आपल्याकडे ५३०. तरीही नोव्हेंबर २०२२ मध्ये दूरसंचार विभागाने कंपन्यांना सांगितलं, की धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २.१ किलोमीटर आणि मध्यरेषेपासून ९१० मीटरच्या आत या पट्ट्यातले ५जी टॉवर नकोत. हे आकडे ठरवायला कुणीतरी बसलं होतं. तुला ज्या खुर्चीत बसायचंय ती हीच. २०२७ च्या परिषदेत ४४०० ते ४८०० हा पट्टा मोबाइलला द्यावा का, हा विषय आहे, म्हणजे आता वरच्या बाजूचा बांध. तेव्हा तू इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असशील. परिषदेचे मुद्दे आयटीयूच्या संकेतस्थळावर असतात, जमतील तसे वाच. पहिल्यांदा काही कळणार नाही, ते चालेल.

बाबांच्या ‘नोटिसा वाटायची नोकरी’ या शब्दांकडे वळते. जिनिव्हाकडे पोलीस नाहीत. करार मोडणाऱ्या देशाला आयटीयू पत्र लिहू शकते, चारचौघांत जाब विचारू शकते. प्रत्यक्ष बंद पाडणं हे ज्या त्या देशाच्या यंत्रणेचं काम, आणि ती यंत्रणा ढिली पडली तर कलम ४.१० कागदावर राहतं. जीपीएसचंच बघ. उपग्रह २० हजार किलोमीटरवर, त्यामुळे जमिनीवर पोहोचणारा सिग्नल अतिशय क्षीण. खिशात मावणारा जॅमर तो गिळू शकतो. अमेरिकेत नेवार्क विमानतळाजवळ एका ट्रकचालकाने मालकाला आपला ठावठिकाणा कळू नये म्हणून जॅमर लावला. विमानतळावरची उतरण्याला मदत करणारी नवी यंत्रणा त्या जॅमरमुळे बिघडली. २०१२ मध्ये तो चालक सापडला आणि त्याला सुमारे ३२ हजार डॉलरचा दंड झाला. आपल्याकडे नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात जम्मू-अमृतसर भागात जीपीएस व्यत्ययाच्या ४६५ घटना नोंदल्या गेल्याचं सरकारने लोकसभेत सांगितलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली विमानतळाजवळ खोट्या जीपीएस सिग्नलचे प्रकार झाले, तेव्हा उगम शोधायचं काम याच मॉनिटरिंग ऑर्गनायझेशनकडे गेलं. सीमेवर शेजारी देशच सिग्नल दाबत असेल तर दंडाची पावती फाडून भागत नाही, तिथे या नोकरीची मर्यादा येते. हेही तुला आताच माहीत असू दे.

लॉजवरचा बूस्टर विमानासाठी उतरवला नसणार. बहुधा मोबाइल कंपनीची तक्रार असेल, कारण असा बूस्टर आजूबाजूच्या टॉवरलाच त्रास देतो. बाबा असे बूस्टर विकत असतील तर ते बंद करावेत. विनापरवाना बूस्टर आणि जॅमर दोन्ही बेकायदा आहेत. बाबांना दुकानातला अनुभव आहे, सिग्नल कुठे ‘मारतो’ हे त्यांना तुझ्यापेक्षा लवकर कळेल. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा त्यांच्याकडून सोल्डरिंग शिकून घे.

मार्ग दोन आहेत. यूपीएससीच्या इंजिनिअरिंग सर्व्हिसेस परीक्षेत इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन शाखेतून ‘इंडियन रेडिओ रेग्युलेटरी सर्व्हिस’ मिळते. परिषदेत देशाची बाजू तयार करणारे अधिकारी या सेवेतले. वय २१ ते ३०, पूर्व परीक्षा ५०० गुणांची, मुख्य ६०० ची, मुलाखत २०० ची. पदवी इंजिनिअरिंगची हवी, पण या सेवेला रेडिओ फिजिक्स किंवा वायरलेस कम्युनिकेशन विशेष विषय असलेली एमएस्सीही चालते, हे फार कमी मुलांना ठाऊक असतं. जागा मात्र मोजक्या असतात. नुसत्या या सेवेवर डोळा ठेवून चार वर्षं अभ्यास करू नकोस.

दुसरा मार्ग विमानतळ प्राधिकरणाचा. तिथल्या सीएनएस (संपर्क, दिशादर्शन आणि टेहळणी) विभागाकडे आयएलएस, व्हीओआर, रडार, टॉवरचे रेडिओ यांची देखभाल असते. ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह, इलेक्ट्रॉनिक्स हे पद गेट या इंजिनिअरिंगच्या परीक्षेच्या गुणांवर भरतात, वयाची अट २७, पदवीला ६० टक्के लागतात. प्रशिक्षण प्रयागराजला. व्यत्यय आला की पहिली तक्रार लिहिणारा माणूस हा. मला विचारशील तर सुरुवातीला हा मार्ग जास्त भरवशाचा. गेट आणि इंजिनिअरिंग सर्व्हिसेसचा अभ्यास बराचसा एकच, त्यामुळे एक सुटलं तरी मेहनत वाया जात नाही. नोकरी बदलीची असते, घरी हे आधीच बोलून ठेव. कवलापूरला विमानतळ होईल आणि तू तिथेच लागशील, असं कुणी म्हणालं तर हसून सोडून दे. ती चर्चा आम्ही सांगलीकर वर्षानुवर्षं ऐकतोय.

दरम्यान हॅम रेडिओचा, म्हणजे हौस म्हणून रेडिओवर बोलण्याचा परवाना काढ. बारा वर्षं पूर्ण झाली की परीक्षा देता येते, तीही वायरलेस खातंच घेतं. त्यात फ्रिक्वेन्सीची शिस्त आणि नियम दोन्ही आपोआप अंगवळणी पडतात. परवान्याआधी ऑनलाइन स्वस्तात मिळणारा वॉकीटॉकी मागवून प्रयोग करू नकोस.

कॅपच्या, म्हणजे इंजिनिअरिंग प्रवेशाच्या अर्जात सांगलीच्या वालचंदचं इलेक्ट्रॉनिक्स आणि कराडच्या सरकारी कॉलेजचं ई अँड टीसी वरती टाक, त्याखाली राजारामनगरचं. कॉम्प्युटरला मिळतंय म्हणून शाखा बदलू नकोस. या कामात अँटेना, लहरी आणि सिग्नल्स हे विषय लागतात, आणि नेमके तेच विषय मुलं अवघड म्हणून टाळतात. कॉलेज पाहायला जाशील तेव्हा मायक्रोवेव्ह लॅबमध्ये कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती जोराचा सिग्नल आहे ते दाखवणारा स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर आहे का आणि मुलांना तो हाताळू देतात का, एवढं नक्की विचार. इंजिनिअरिंगला मनासारखं मिळालं नाही तर सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजला बीएस्सी फिजिक्स आणि पुढे वर सांगितलेली एमएस्सी. बारावीचे फिजिक्स आणि गणिताचे गुण तू कळवले नाहीस. ते कळव, मग पसंतीक्रम नक्की करू.