ड्रोनने फवारलेल्या वावरातली तूरडाळ खावी का? आमच्या सोसायटीत लोक नको म्हणतात.

खा. डाळ चांगली की वाईट हे फवारा कशाने मारला त्यावर ठरत नाही. औषध कोणतं होतं, एकरी किती टाकलं आणि शेवटच्या फवारणीनंतर किती दिवसांनी पीक काढलं, यावर ठरतं. औषधाच्या डब्यावर हा कालावधी छापलेला असतो. तो पाळला नाही, तर हातपंपाने मारलेलंही वाईटच.

पण "लोक नको म्हणतात" हे वाचून राहवलं नाही, कारण आमच्या घरात याच गोष्टीवरून दोन हंगाम वाद चालू आहे.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, आर्णीकडचे. माझ्या नणंदेचे यजमान पुण्याला असतात. ते त्यांच्या सोसायटीतल्या घरांसाठी आमची डाळ मागवायचे. माझ्या धाकट्या जावेने ड्रोन चालवायचं प्रशिक्षण घेतलं. २०२३ मध्ये नमो ड्रोन दीदी योजना मंजूर झाली, महिला बचत गटाला ड्रोनच्या किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये मदत, त्यातून आमच्या गटाला ड्रोन मिळाला. फुलोऱ्यातल्या तुरीवर ती ड्रोन उडवतेय असा व्हिडिओ तिने हौसेने घरच्या ग्रुपवर टाकला. जावईबुवांचा निरोप आला, "यंदा डाळ नको, वरून केमिकल पाडलेलं लोक खात नाहीत."

आता २०१७ चं सांगते. त्या साली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्यावर गेली होती. पंप पाठीवर, नळी वर धरलेली, म्हणजे मारलेला फवारा परत तोंडावरच. त्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात होती. माझा दीर त्यांतला एक. दुसऱ्याच्या वावरात रोजीने फवारायला गेला होता. घरी येऊन ओट्यावर बसला. पंपाच्या झाकणातून औषध गळून सदरा पाठीला चिकटलेला. दिवस अजून मावळला नव्हता, ऊन समोरच्या भिंतीवर होतं, आणि तो म्हणाला, "वहिनी, लाईट लावा ना." त्याला दिसतच नव्हतं. माझ्या जावेने तो सदरा कापून काढला.

तो वाचला. जावईबुवा स्वतः पुण्याहून त्याला बघायला आले होते, दवाखान्याच्या व्हरांड्यात रात्रभर बसले होते. आणि त्याच हंगामातली आमची तूर, पाठीवरच्या पंपाने फवारलेली, डाळ होऊन त्यांच्या सोसायटीत गेली. तेव्हा कोणीही विचारलं नाही की फवारणी कशी केली.

माझं म्हणणं एवढंच आहे. शहरात लोकांना पाठीवर पंप घेतलेला माणूस दिसत नाही, ड्रोन मात्र मोबाईलवर दिसतो. औषध आधीही होतंच. ते पहिल्यांदा डोळ्यांना दिसलं, म्हणून भीती वाटली.

जावईबुवांचा दुसरा मुद्दा असा की ड्रोनचं पाणी जहाल असतं. पंपाने एकराला दीड-दोनशे लिटर पाणी लागतं, ड्रोनला साधारण दहा. म्हणजे द्रावण घट्ट असतं, हे खरं. पण एकराला जाणारं औषध तेवढंच ठेवायचं असतं, कमी होतं ते पाणी. शिवाय तुरीचा दाणा शेंगेच्या आत असतो आणि त्याच्यावरची साल डाळ करताना निघते. फुलोऱ्यात फवारलेली तूर आमच्याकडे जानेवारीत निघते, म्हणजे मध्ये बरेच दिवस जातात.

ड्रोनमध्ये सगळंच छान आहे असंही नाही. वारा असला की औषध धुऱ्यापलीकडे, म्हणजे बांधापलीकडे जातं. शेजारी कोणाची रेशमासाठी लावलेली तुती असेल तर त्याचे किडे मरतील. दाट पिकात खालच्या पानापर्यंत औषध नीट पोचत नाही. काही जण एकाच टाकीत तीन-तीन औषधं मिसळतात, ते चूकच. केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये ड्रोन फवारणीची नियमावली काढली आहे, ती न वाचता उडवणारेही आहेत. आणि "ड्रोनची डाळ म्हणजे बिनविषारी" असं सांगून कोणी जास्त पैसे मागितले तर देऊ नका. ड्रोन म्हणजे सेंद्रिय नव्हे.

सोसायटीतल्या लोकांना काळजीच करायची असेल तर मेथी-सांबाराची (सांबार म्हणजे कोथिंबीर) करा म्हणावं. पालेभाजी फवारल्यावर दोन-चार दिवसांत बाजारात येऊ शकते, आणि तिथे कोणी काही विचारत नाही. डाळ घेताना विकणाऱ्याला शेवटच्या फवारणीची तारीख विचारा. आमच्या गटाच्या वहीत तारीख, औषधाचं नाव, प्रमाण सगळं लिहिलेलं असतं. जावईबुवांनाही त्या पानाचा फोटो पाठवला आहे. त्यांना डाळ घ्यायची तर घ्यावी, नाही तर राहू द्यावी. त्यांच्या सोसायटीसाठी दिराच्या पाठीवर पुन्हा पंप चढणार नाही.