एंडोस्कोपीच्या रिपोर्टमध्ये ‘इरोजन’ आलं? आधी एवढं पाहा

घाबरू नका जी. इरोजन म्हणजे जठराच्या अस्तराची वरवरची झीज, अल्सरइतकी खोल नाही.

१. कंबर, गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन अशा वेदनाशामक गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा; त्यांनीही अशी झीज होते. लोक नेमकं हेच लपवतात. हृदयासाठी दिलेली अ‍ॅस्पिरिन मात्र मनानं बंद करू नका.

२. जठरात राहणाऱ्या एच. पायलोरी जंतूची तपासणी झाली का, विचारा. पॅन्टोप्राझोल (अ‍ॅसिड कमी करणारी गोळी) चालू असताना ती तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते.

३. पॅन्टोप्राझोल घ्यायची ती नाश्त्याच्या अर्धा तास आधी. तर्री पोहे चापून मग घेतली तर असर कमी.

सावजी? जळजळ वाढत असेल तर तूर्तास नको. डांबरासारखी काळी शौच किंवा रक्ताची उलटी झाली, तर थेट मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलची कॅज्युअल्टी गाठा.