सिंगापूरला खाल्लं तसं चिकन साते घरी का होत नाही? चिकन वातड होतं, ओव्हन घ्यावा का?

ओव्हनचं नंतर बघू, आधी सांगा, काडीला लावून निखाऱ्यावर भाजायचे ते तुकडे केवढे केले होतेत? टिक्क्याएवढे केले असणार आणि वर दहीसुद्धा लावलं असणार. एवढ्या खात्रीने सांगतेय कारण आमच्या घरात याच गोष्टीवरून झालेला वाद अजून मिटलेला नाही.

आम्ही सहा वर्षं सिंगापूरला होतो. लाउ पा सात म्हणून खाण्याच्या दुकानांचा जुना बाजार आहे, त्याला लागून बून टॅट स्ट्रीट आहे, संध्याकाळी तिथे वाहतूक बंद करून भर रस्त्यात टेबलं मांडतात, तुम्हीही बहुतेक तिथेच खाल्लं असेल. तिथले जुने लोक एस्प्लनेडजवळच्या साते क्लबची (क्लब कसला, उघड्यावरचे सात्याचे ठेले) आठवण काढतात, तो १९९५ लाच बंद झाला, आम्हाला नाही मिळाला. पण मी शिकले ते आमच्या घराजवळच्या एका मलय काकांकडे बघून. एका हातात पंखा, दुसऱ्या हातात गवती चहाचा दांडा, त्याचं बूड ठेचून कुंचला केलेला, तो तेलात बुडवून काड्यांवरून फिरवायचे. तुकडे बोटाच्या पेराएवढे, मध्ये एखादा चरबीचा, चार-पाच मिनिटांत काडी तयार. पूर्वी बांबूच्या काड्यांऐवजी माडाच्या झावळीचे हीर वापरायचे म्हणाले, म्हणजे आपण खराटा करतो तेच!

परत ठाण्याला आल्यावर ह्यांच्या चाळिसाव्या वाढदिवसाला गच्चीवर साते करायचं ठरवलं. रात्रीच मसाला वाटला, हळद, धणे, जिरं, कांदा, लसूण, गूळ आणि गवती चहाचा खालचा पांढरट भाग (पाती नाही हां, पाती चहात टाका). कुळिंजन ओलं मिळालं तर घाला, नाहीतर आलं. दुपारी मी तयार व्हायला गेले तेवढ्यात धाकट्या दिरांनी ब्रेस्टचे मोठे मोठे तुकडे आणून त्यात घातले आणि वरून अर्धा किलो दही ओतलं. "वहिनी, दह्याशिवाय चिकन मऊ होतच नाही." झालं, गुळामुळे बाहेरून काळं, आत कच्चं, म्हणून परत निखाऱ्यावर ठेवलं आणि त्याचं चामडं झालं. पाहुणे म्हणाले, यापेक्षा आपला टिक्का बरा. ते अजून लागतं मला. टिक्क्याला दही हवंच, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण सात्याच्या मसाल्यात गूळ असतो, गूळ पटकन जळतो, त्यामुळे वरून तांबूस होईपर्यंत आतलं शिजलं पाहिजे, म्हणून तुकडा लहानच हवा.

मागच्या मे महिन्यात मी दोन्ही प्रकार शेजारी शेजारी केले. भाऊजींनी गुळाच्या बारा काड्या खाल्ल्या आणि म्हणतात काय, तर कोंबडी चांगली होती!

तर लेग बोनलेस घ्या, ब्रेस्ट अजिबात नको. काड्या अर्धा तास पाण्यात भिजवा. कोळशावर पांढरी राख धरली की मगच ठेवा, आणि तेल लावत राहा. चटणीला दाणे खरपूस भाजून जाडसर कूट, लाल मिरची, चिंच, गूळ, नारळाचं दूध. पीनट बटर ढवळून चटणी केली म्हणू नका, आणि पुदिन्याची हिरवी चटणी तर सात्याशेजारी ठेवूच नका (हे भाऊजींसाठी). सोबत काकडी आणि कच्चा कांदा.

हो, आणि बंद बाल्कनीत किंवा घरात कोळसा पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, कळतही नाही. कोळसा जमत नसेल तर बिडाचा तवा चांगला तापवून त्यावर करा, धुराची चव येणार नाही पण वातड होणार नाही. कुणाला दाण्यांची ॲलर्जी आहे का ते आधी विचारा. ओव्हन घरात असेल तर वरचा ग्रिल लावून अगदी वरच्या खणात ठेवा, पण फक्त सात्यासाठी विकत घेऊ नका.